बेदाण्याच्या शेडात मी वाळलो, त्याची हकिकत

मला ऊन लागलं तेव्हा माझ्या खिशात कांदा होता. एक नव्हे, दोन होते. एक पँटच्या खिशात आणि दुसरा टोपीखाली, बरोबर टाळूवर. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या खिशात आत्ता कांदा असेल, त्यांनी तो काढून भाकरीबरोबर खाऊन टाकावा. तिथं त्याचा उपयोग होतो.

ही हकिकत मी हौसेनं लिहीत नाही. मिरजेला दवाखान्यात होतो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही बोलता फार. तेच कागदावर लिहा, उन्हात राबणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल." त्यांना बहुतेक वॉर्डात शांतता हवी होती. पण मला हुकूम पाळायची सवय आहे.

उन्हावर माझा राग आहे. पत्र्यावर त्याहून जास्त आहे, कारण ऊन कुणी आणून ठेवलेलं नव्हतं. पत्रा माणसानं आणून ठेवला होता.

आधी पाचट होतं

मी मूळचा कोरेगावकडचा. सैन्यातून हवालदार होऊन पेन्शनीत आलो तेव्हा भावांनी माझ्या वाट्याचं रान मला दाखवलं. दाखवलं म्हणजे लांबूनच दाखवलं. जवळ जावं असं त्यात काही नव्हतं. मग बायको, शालन, म्हणाली, माझ्या माहेराकडं जाऊ. म्हणून तासगावच्या पूर्वेला तिच्या गावात येऊन राहिलो. घरजावई नव्हे हं. घर वेगळं, चूल वेगळी. पण गावाला एवढा बारीक फरक कळत नाही.

बायकोचा धाकटा भाऊ गावाचा बाळासाहेब, बायकोचा बाळ्या. त्याची द्राक्षबाग, आणि बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. द्राक्षं तोडून आणायची, तेल आणि पावडर मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढायची आणि शेडात एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायची. वाळली की झाला बेदाणा. या कामावर त्याला मुकादम हवा होता. शिट्टी वाजवणारा, आवाज चढवणारा, आणि नात्यातला असल्यामुळं फार काही न मागणारा. मी तिन्ही होतो.

शेडावर पहिल्यापासून उसाच्या पाचटाचं छप्पर होतं. शहाण्णव सालच्या हंगामाआधी बाळासाहेबानं ते उतरवलं आणि पत्रा घातला.

"दाजी, पत्र्याखाली माल लय लवकर वाळतूय बघा. पाचटात उंदरं हुत्यात, पाऊस आला तर गळतंय. पत्र्याला काय भ्याच न्हाई."

खरं होतं. पत्र्याखाली सगळंच लवकर वाळतं.

आणि त्या वर्षांत उन्हाचीही चाल बदलली होती. पूर्वी होळी पेटेपर्यंत पहाटे घोंगडं सुटायचं नाही, असं गावातली माणसं सांगत. आता माघ सरायच्या आत वारं कढत व्हायला लागलं. दरवर्षी आम्ही म्हणायचो, असं ऊन बघितलं नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणायचो. बाकीचं गाव कपाळाला हात लावून बसायचं आणि बाळासाहेब सकाळी दारात उभा राहून आभाळाला नमस्कार करायचा. बेदाण्याला कोरडी, कढत हवा लागते. जेवढी हवा तापेल तेवढा माल लवकर निघतो. ज्या धंद्याला ऊन मानवतं, त्या धंद्यात माणसाला कुणी विचारत नाही, हे मला कळायला दवाखाना बघावा लागला.

पाण्याला बंदी

शेडात पाणी न्यायचं नाही, हा पहिला नियम. अर्धवट वाळलेल्या मालावर पाणी सांडलं की तो काळा पडतो, व्यापारी हात लावत नाही. म्हणून तांब्या, कळशी, सगळं बाहेर, विहिरीजवळ. तहान लागली तर मुकादमाला विचारून जायचं. मुकादम म्हणजे मी.

कुणी विचारायला आलं की माझं भाषण ठरलेलं.

"राजस्थानात वाळूत दिवस काढल्यात मी! बुटाचं तळवं मऊ पडायचं. पाणी पाणी केलं का कवा? तुमास्नी तर वर पत्र्याची सावली हाय!"

एवढं सांगून मी थांबायचो, कारण पुढची गोष्ट गैरसोयीची होती. राजस्थानात मी होतो, पण लंगरात होतो. स्वयंपाकाच्या तंबूत. पाण्याचा टँकर जवळजवळ माझ्या पाठीला टेकलेला. आणि पलटणीत उन्हाळ्यात पाणी पिणं हा हुकूम होता. शिट्टी वाजली की पेला वर करायचा, मिठाचं पाणी घशाखाली घालायचं आणि पेला उलटा करून साहेबाला दाखवायचा. ज्याच्या पेल्यातून थेंब पडला त्याला शिक्षा. म्हणजे जिथं पाणी न पिणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावत, तिथलं नाव सांगून मी पाणी पिणाऱ्यांवर ओरडत होतो.

टोळीत बहुतेक बायका. त्यांची पुढारी गंगव्वा. सीमेपलीकडच्या गावातून हंगामापुरती यायची. मराठी बोलायची, पण तिच्या मराठीला कानडीचा हिसका होता आणि लहानथोर सगळ्यांना अरेतुरे.

"हवालदार, पाणी पिऊन येतो."

"मघाशीच गेलीस की."

"मघाशी म्हंजे सकाळी. तुझी मघाशी लय लांब असती रे."

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी शिट्टी वाजवायचो. शिट्टी वाजवली की उत्तर द्यावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

त्या दुपारी

त्या दिवशी बागेतून माल उशिरा आला आणि एकदम आला. क्रेटवर क्रेट चढले. बाळासाहेबानं जेवणाची सुट्टी काढून घेतली. "आधी माल जाळीवर. भाकरी काय पळून जात न्हाई."

सगळ्यात वरची जाळी पत्र्याला लागून असायची. तिथं माणूस चढला की डोकं आणि पत्रा यांत हातभर अंतर. भर दुपारी तिथं चढायला बायकांनी सरळ नकार दिला. मी राजस्थान काढलं. गंगव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"तुझ्या राजस्थानला घेऊन तूच चढ की वर."

आता शहाणा माणूस हसून सोडून देतो. मी चढलो. अंगात खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर टोपी, टोपीखाली कांदा. गुडघ्यांवर सरकत द्राक्षं पसरत गेलो. आधी घाम असा सुटला की डोळे उघडेनात. खाली उतरून पाणी प्यावं असं मनात आलं, पण खाली गंगव्वा वर बघत उभी होती. मग थोड्या वेळानं घाम थांबला. अंग कोरडं ठणठणीत. मला वाटलं, जिंकलो. ऊन हरलं.

यापुढचं मला आठवत नाही. मी जे सांगतो ते लोकांनी मला पुन्हा पुन्हा, अगदी आवडीनं सांगितलेलं आहे.

मी खाली उतरलो आणि क्रेटच्या रांगेला सलाम ठोकला. मग त्यांना सावधान केलं. एक क्रेट जरा तिरपा होता, त्याला आईवरून शिवी दिली. गंगव्वाला "सुभेदारसाहेब" म्हणालो आणि रजेचा अर्ज तोंडी केला. सगळं शेड हसून लोळायला लागलं. बाळासाहेब आला, त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. मिलिटरीतून आलेल्या माणसाला कँटीनची रम मिळते, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक असतं.

"दाजींनी दुपारचीच बाटली उघडली वाटतं," तो म्हणाला. "आतच झोपवा. भाईर काढू नका, गाव बघंल. बहिणीची अब्रू हाय."

म्हणून माझ्या बायकोची अब्रू राखण्यासाठी मला पत्र्याखाली, पोत्यांवर, रम उतरेपर्यंत झोपवून ठेवलं. ज्या भट्टीत माणूस भाजला, त्याच भट्टीत त्याला विश्रांतीला ठेवला.

वाचणाऱ्या गड्यांनो, एवढं एकच ध्यानात ठेवा. उन्हात राबणारा माणूस झोकांड्या द्यायला लागला, वेडंवाकडं बोलायला लागला, तर त्याचं तोंड हुंगत बसू नका. तो मिलिटरीतला असला तरी. आधी त्याला सावलीत ओढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. रमची चौकशी नंतर करता येते.

मी पोत्यावर पडल्या पडल्या हुकूम सोडत होतोच. "पाणी न्हाई! जागा सोडायची न्हाई! सुभेदारसाहेबालाबी पाणी न्हाई!" सकाळपासून एक घोट न मिळालेल्या गंगव्वाचं डोकं इथं फिरलं. ती विहिरीवर गेली, बादली भरली, नियम, मुकादम, मालक सगळं ओलांडून आत आली आणि सगळी बादली माझ्या अंगावर उपडी केली.

"घे पाणी! घे! किती पितोस ते पी!"

बाळासाहेब ओरडायच्या आत ती दुसरी घेऊन आली, मग तिसरी. पाणी माझ्या अंगावरून आणि पोत्यांवरून उडून खालच्या जाळ्यांवर, अर्धवट वाळलेल्या मालावर गेलं. बाळासाहेब बोंबलत होता, "माल! अगं बये, माल!" आणि तेवढ्यात माझे हातपाय झाडायला लागले, डोळे पांढरे झाले. मग हसणं थांबलं. कुणी चप्पल नाकाला लावली. कुणी माझ्याच टोपीखालचा कांदा फोडून माझ्याच नाकात पिळला.

कांद्याचा एवढाच उपयोग झाला की टोपी निघाली.

वास कशाचा

द्राक्षाच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटवर मला टाकलं. शालन धावत आली आणि टेम्पोत चढली. मिरजेपर्यंत ती कॅनमधल्या पाण्यानं पदर भिजवून माझं अंग पुसत होती. बाळासाहेब पुढं बसून मागं वळून सांगत होता, "ताई, काय काळजी करू नगंस. उतरली की शुद्धीवर येत्याल."

"बाळ्या," शालन म्हणाली, "हे आठवड्यातनं एकदा पित्यात. तेबी मी ओतून दिल्यावर. आज मी ओतलेली न्हाई."

मिरजेत डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच केला. "किती प्यायलेत?" मग त्या खाली वाकल्या, हुंगलं आणि म्हणाल्या, "कांद्याचा वास येतोय." ताप बघितल्यावर मात्र त्या पुढं काही न बोलता धावायला लागल्या. बर्फ, पंखे, ओल्या चादरी. शालन सांगते, तुमाला मासळीसारखं बर्फात ठेवलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा अंगाचं बोट न् बोट ठणकत होतं. डॉक्टरीणबाई पायाशी उभ्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, आवाज सुभेदाराचा.

"तुम्हाला उष्माघात झालाय. उष्णतेनं स्नायू आतून वितळले. समजा, मांस शिजलं. ती घाण रक्तात उतरली आणि मूत्रपिंडं बंद पडली."

मी लंगरातला माणूस. शिजणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी विचारलं, "घरी कधी सोडणार?"

"लघवी झाली की बोलू," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या.

पिशवी

दवाखान्यातलं माझं सगळं आयुष्य मग एका पिशवीत आलं. पलंगाखाली टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात काळ्या चहासारखं घोटभर काहीतरी जमायचं आणि थांबायचं. डॉक्टरीणबाई यायच्या त्या माझ्या तोंडाकडं न बघता आधी खाली वाकायच्या. नर्स, झाडूवाली, शेजारच्याची आई, सगळी जाता-येता पिशवीला बघून जायची, जसं काही तिच्यात निकाल लागणार आहे. लागणारच होता. मूत्रपिंडं परत चालू झाली तर मी सुटणार होतो. नाही झाली तर मशीनवर रक्त धुवायचं, आणि ते कायमचं, जिवंत असेपर्यंत. हवालदाराच्या पेन्शनीत ते किती दिवस चाललं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं पाणी मोजलं, त्याचं पाणी आता मोजायला लागले. मूत्रपिंडं बंद असताना जास्त पाणी अंगात साठतं, म्हणून एका छोट्या पेल्यात ठरलेलं पाणी मिळायचं. तोंडाला कोरड, जीभ चप्पल झालेली.

"सिस्टर, जरा पाणी."

"मघाशीच दिलं की, आजोबा."

मघाशी. मी छताकडं बघून गंगव्वाची क्षमा मागितली नाही, तेवढा मोठा माणूस मी तेव्हा झालो नव्हतो. मी तिला शिव्या घातल्या. तिनं मला या जागी पोचवलं, असंच मला वाटत होतं.

शालन माझ्याशी बोलत नव्हती. सलाईनच्या खांबाशी बोलायची. "ह्यास्नी इचारा, वर चढायला कुणी सांगितलं हुतं? पेन्शन पुरत न्हवती का?" मी खांबाला उत्तर द्यायचो. "त्यास्नी सांगा, त्यांच्या भावाचं शेड हाय." मग ती उठून व्हरांड्यात जायची आणि बराच वेळ परत यायची नाही. आली की डोळे लाल असायचे आणि बोलणं पुन्हा खांबाशीच.

शेजारचा नामदेव

शेजारच्या पलंगावर नामदेव होता. जत भागातला, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीतला. खाली उकळतं डांबर, वर ऊन. तो माझ्यासारखाच पडला, माझ्यासारखीच त्याचीही पिशवी. आमची दोघांची कुस्ती लागली होती. सकाळी उठलं की तो पलंगावरून वाकून आधी माझी पिशवी बघायचा.

"हवालदार, आज तुमची बी कोरडीच की."

"तुझी भरली का?"

"भरंल. आमी डांबरवालं. आमचं समदं जरा दाटच असतंय."

त्याला हसताना धाप लागायची. त्याच्या पायाला फोड आले होते. पलंगाखाली त्याचे गमबूट ठेवलेले, काळे, डांबरानं माखलेले. एका दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि नामदेवला जोराची धाप लागली. पडदा लावला, डॉक्टरीणबाई धावत आल्या. पडदा निघाला तेव्हा नामदेव नव्हता, फक्त त्याची आई होती, भिंतीला टेकून.

संध्याकाळी त्यांच्या टोळीचा मुकादम आला. मला वाटलं, आईला भेटायला आला असेल. त्यानं वाकून पलंगाखालचे गमबूट काढले, एकावर एक आपटून डांबर झाडलं आणि घेऊन गेला. बूट ठेकेदाराचे होते.

मी तोंड भिंतीकडं केलं. मुकादमाला शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, पण ती शिवी कुणाला लागू पडते ते लक्षात आलं आणि गिळून टाकली. त्या दिवशी गिळायला मिळालेलं दुसरं काही नव्हतं.

मेव्हण्याचा खाऊ

बाळासाहेब भेटायला आला तो हातात कापडी पिशवी घेऊन. टेकला, माझ्या तब्येतीला "हं, हं" केलं आणि मुद्द्यावर आला.

"दाजी, खालच्या जाळ्यांचा सगळा माल काळा पडला बघा. पाणी ओतणाऱ्या त्या बाईला काढून टाकली. पुन्यांदा शेडात पाय ठिवायचा न्हाई म्हनलं."

"आणि ह्या पिशवीत काय हाय?" शालननं विचारलं.

"त्योच बेदाणा. इकत न्हाई, म्हनलं घरच्या माणसांनी तरी खावा."

डॉक्टरीणबाई नेमक्या तेव्हाच फेरीला आल्या होत्या आणि ऐकत होत्या. त्यांनी पिशवीत बघितलं. "यांना बेदाण्याचा एक मणीही द्यायचा नाही. मूत्रपिंडांना झेपणार नाही." मग बाळासाहेबाकडं वळून म्हणाल्या, "पाणी ओतणारी बाई कोण? यांच्या अंगावर वेळेवर पाणी पडलं म्हणून हे इथवर जिवंत आले. नाहीतर तुमच्या शेडातच आटोपलं असतं."

शालननं काळ्या बेदाण्याच्या पिशवीला गाठ मारली आणि ट्रंकेत ठेवली. मला वाटलं, वास येईल म्हणून ठेवली.

थेंब

एका सकाळी जाग आली ती नर्सच्या ओरडण्यानं. "अहो बघा! बघा!" पिशवी अर्धी भरली होती. रंग अजून चहाचाच, पण दूध घातलेल्या. दुपारपर्यंत पिशवी बदलावी लागली, संध्याकाळी पुन्हा. नर्सनं शेजारच्या पलंगावरच्या नव्या माणसाला दाखवली, झाडूवालीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या बारशालाही एवढा आनंद झाला नसेल.

शालन आली, खाली वाकून बघितलं, आणि खांबाला बाजूला सारून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आवं, आता तरी लाज धरा."

आमच्यात हे प्रेमाचंच बोलणं मानतात.

मूत्रपिंडं परत आली, पण पुरती नाही. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं, "पत्र्याखाली पुन्हा गेलात आणि तहानेनं पडलात, तर मी मशीन दाखवणार नाही, सरळ घरी पाठवीन." मूत्रपिंडं माझी असली तरी त्यांचा ताबा आता त्यांच्याकडं होता.

गंगव्वाचा हिशेब

अंगात बळ आल्यावर शालन मला गंगव्वाकडं घेऊन गेली. ती शेजारच्या गावात दुसऱ्या शेडावर लागली होती. मी लांबलचक भाषण ठरवलं होतं. तिनं मला बघितलं, वरून खालपर्यंत.

"मेला न्हाईस व्हय?"

"तुझ्या पाण्यामुळं वाचलो, गंगव्वा. डॉक्टरच म्हणाल्या."

"तुला वाचवायला कोण ओतलं? राग आला म्हणून ओतलं. तू मरतोस म्हणून कळलं असतं तर बसून बघत ऱ्हायलो असतो."

मग म्हणाली, "तुझ्या साल्याच्या पत्र्यात पुढच्या साली कोण कानडी बाई यायची न्हाई. सांगितलंय मी गावात."

शालननं तिच्या ओटीत नारळ घातला. तो घेतला तिनं. माझं भाषण घेतलं नाही.

भाऊबीज

भाऊबीजेला बाळासाहेब आला. पाटावर बसला, टोपी घातली. शालननं ओवाळलं आणि गोड म्हणून त्याच्या तोंडात काहीतरी घातलं. तो चावला आणि थांबला. काळा बेदाणा होता.

"गोड हाय का?"

"हाय."

"तुझ्या दाजींच्या अंगावर पडलेलं पाणी हाय त्यात. काळा झाला म्हणून कडू झाला न्हाई."

त्यानं तबकात नोटा ठेवल्या. तिनं त्या उचलून त्याच्या मांडीवर ठेवल्या. "ह्या नकोत. पत्र्यावर पाचट टाक. शेडात पाण्याचा रांजण ठेव. आणि दुपारच्या उन्हात शेड बंद. एवढी घाल ओवाळणी."

"ताई, धंदा हाय ह्यो. धरमशाळा न्हाई. पाणी सांडलं तर?"

"तर काळा पडंल. तूच आणलावतास की दवाखान्यात, घरच्यांनी खायला. खाऊ आमी. बारा महिनं खाऊ."

"दुपारी शेड बंद ठिवल्यावर मी बुडंल."

"मग आता ऊठ. पुढल्या भाऊबीजेला येऊ नगंस."

तो उठला. दारातून बाहेर पडताना त्याच्या कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. शालन माझ्याकडं न बघता तबकातला दिवा विझेपर्यंत तिथंच बसली.

पेला

हंगाम आला. एके दिवशी ट्रॅक्टर भरून पाचट आलं आणि पत्र्यावर चढलं. बहिणीसाठी आलं, की पत्र्याखाली यायला टोळी मिळेना म्हणून आलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहीणभाऊ दोघांनाही खोटं बोलावं लागलं असतं. शेडाच्या आत, मालापासून चार हात लांब, रांजण आला. दुपारची सुट्टी मात्र अजून भांडणात आहे. कधी मिळते, कधी माल जास्त झाला की जाते, आणि गेली की शालन भावाच्या दारात जाऊन उभी राहते. भाऊबहीण तेवढ्यापुरतेच बोलतात.

मला बाळासाहेबानं काढून टाकलं नाही, ठेवलंही नाही. मी रांजणाशेजारी बसतो. शिट्टी माझ्याच गळ्यात आहे. वाजवली की सगळ्यांनी येऊन प्यायचं आणि पेला उलटा करून दाखवायचा. ज्याच्या पेल्यातून थेंब पडेल त्याला मी राजस्थान ऐकवतो. या शिक्षेला सगळे घाबरतात.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजवली तेव्हा गंगव्वा आली. येणार नाही म्हणाली होती, आली. तिनं पेला भरला, पण स्वतः प्यायली नाही. माझ्या तोंडापुढं धरला.

"आदी तू पी, हवालदार. मग उलटा करून दाखव."

सगळी टोळी बघत उभी. मी प्यायलो. पेला उलटा केला. थेंब पडला नाही.

थोड्या वेळानं उठून बांधापलीकडं, कडुनिंबाच्या आडोशाला गेलो. मागून बायका हसत होत्या, बाळासाहेब कुठंतरी क्रेटवरून ओरडत होता. नामदेवची पिशवी आठवली, एकदाही न भरलेली. मग धार लागली, स्वच्छ, पांढरी. पलटणीत मी इतका ताठ सावधान कधी उभा राहिलो नव्हतो.